पुणे–नागपूर विमान: हवेत एक तास, उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत सात

माझं माहेर पुलगाव, जिल्हा वर्धा. लग्नानंतर चौदा वर्षं झाली, पुण्यात वारज्याला राहते. या चौदा वर्षांत माहेरची वाट रेल्वेनं केली, ट्रॅव्हल्सनं केली, दोनदा स्वतःची गाडी घेऊन केली आणि २०२३ च्या पावसाळ्यापासून विमानानं करते. विमानाच्या अकरा फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीच्या वेळा मी डायरीत लिहून ठेवल्या आहेत: घराला कुलूप लावलं ती वेळ, विमानाची चाकं सुटली ती, टेकली ती, आणि आईच्या अंगणात चप्पल काढली ती. पुण्यात वऱ्हाडातली, नागपूरकडची माणसं खूप. 'विमानानं जाणं परवडतं का गं?' असं कुणी ना कुणी विचारतंच. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांनी गेले. दोघींत फारसा फरक जाणवला नाही, म्हणून नावं घेत नाही.

आधी अंतराचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पुणे ते नागपूर सरळ रेघेत सुमारे ६०५ किलोमीटर भरतं. रस्त्यानं सातशेच्या वर जातं. रेल्वेनं तर जवळजवळ ८९० किलोमीटर, कारण गाडी पुण्याहून आधी दौंडला जाते, तिथून अहिल्यानगरवरून वर मनमाड गाठते आणि मग भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरकडे वळते. आधी उत्तरेला चढायचं आणि मग पूर्वेला चालायचं. विमान ही तिरकी वाट थेट कापतं. म्हणून या दोन शहरांमध्ये विमानाचा फायदा नुसत्या वेगाचा नाही, वाटेचाही आहे. पावणेतीनशे किलोमीटर रूळ तिथेच वाचतात.

तिकिटावर प्रवासाचा वेळ एक तास पंचवीस मिनिटं किंवा दीड तास असा लिहिलेला असतो. माझ्या डायरीत चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंतचा सगळ्यात कमी वेळ ५६ मिनिटं आहे, सगळ्यात जास्त एक तास चौदा मिनिटं. मधली वीसेक मिनिटं कुठे जातात ते मी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला नीट पाहिलं. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, तिथे नंबराची वाट बघणं, उतरल्यावर परत रांगणं हे सगळं आलं. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे, तिथे सुखोई विमानांचा तळ आहे आणि नागरी विमानं त्यांच्याच धावपट्टीवरून उडतात. एकदा आमचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी सतरा मिनिटं उभं होतं. आधी दोन लढाऊ विमानं गेली, तो आवाज पोटात उतरतो. माझा मुलगा खिडकीला नाक लावून बसला होता, त्याला ती सतरा मिनिटं कमीच वाटली. फोटो काढायला मात्र तिथे मनाई आहे, तशी सूचना विमानात देतात. फोन खाली ठेवा.

जाताना आणि येताना लागणारा वेळ सारखा नसतो, हेही डायरीमुळेच कळलं. हिवाळ्यात उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. नागपूरला जाताना तो पाठीशी असतो, पुण्याला येताना तोंडावर. माझे ५६ मिनिटांचे आणि एक तास चौदाचे दोन्ही आकडे एकाच जानेवारीतले, एकाच आठवड्यातले आहेत. पावसाळ्याच्या फेऱ्यांत हा फरक पुसला गेलेला दिसतो.

आता खरा हिशेब. जानेवारीतल्या त्याच फेरीचा. पहाटे चार वीसला वारज्यातून कॅबमध्ये बसले. त्या वेळेला रस्ते मोकळे असतात, पाच वाजून पाच मिनिटांनी लोहगाव. (हीच वाट संध्याकाळी सहाला करून बघितली आहे. एक तास पन्नास मिनिटं लागली होती आणि काउंटर बंद व्हायला जेमतेम आठ मिनिटं उरली होती. सामान द्यायचं असेल तर काउंटर उड्डाणाआधी एक तास बंद होतं, हे कृपा करून लक्षात ठेवा.) २०२४ च्या जुलैत नवीन टर्मिनल सुरू झाल्यापासून आतली गर्दी खूप सुसह्य झाली. जुन्या इमारतीत बसायला जागा मिळायची नाही. फोनवर डिजीयात्रा घेतलेलं असेल तर चेहरा दाखवून आत जाता येतं. विमान सहा चाळीसचं होतं, सहा त्रेपन्नला उडालं, सात एकोणपन्नासला नागपूरला टेकलं. बॅग हातात आली तेव्हा आठ वाजून चौदा मिनिटं झाली होती.

नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराच्या दक्षिणेला, वर्धा रोडलगत आहे. माझ्यासारख्या वर्ध्याकडे जाणाऱ्या माणसाला ही मोठीच सोय, कारण शहरात शिरावंच लागत नाही. ज्यांना शहरात जायचं आहे त्यांच्यासाठी वर्धा रोडवर मेट्रो आहे, सीताबर्डीपर्यंत नेते. मी उलट्या बाजूला वळते. कधी टॅक्सी, कधी वर्ध्याची एसटी. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, त्यामुळे एकटी असले की मी एसटीच बघते. बुटीबोरी, सेलू, पवनार, वर्धा. वर्ध्याला उतरून पुलगावची गाडी. त्या दिवशी अंगणात चप्पल काढली तेव्हा अकरा पंचवीस झाले होते.

चार वीस ते अकरा पंचवीस म्हणजे सात तास पाच मिनिटं. त्यातली ५६ मिनिटं हवेत.

आणि यातली सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की पुणे आणि नागपूर यांच्यामध्ये नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती रेघ पुलगाववरूनच जाते. मी स्वतः ती बघितली आहे. अहिल्यानगरच्या थोडं खालून, पैठणच्या धरणाजवळून, लोणारच्या शेजारून, वाशीमवरून आणि मग पुलगाव. म्हणजे मी माझ्या घरावरून पुढे जाते, नागपूरला उतरते आणि शंभरावर किलोमीटर मागे येते. आईला हे दादानं फोनच्या ॲपवर विमान दाखवून समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "काहून बा, आपल्या घरावरून जाते तं मंग इथंच काहून नाही उतरवत तिले?" तेव्हापासून माझं विमान असलं की ती सकाळी साडेसातला अंगणात उभी राहते. दादा ॲप बघून सांगतो, "आली आता, वर बघ." ढग नसले तर पांढरा ठिपका दिसतो म्हणे. मलाही वरून वर्धा नदीचं वळण दोनदा ओळखू आलं. तेवढ्यात विमान खाली उतरायला लागलेलं असतं.

खिडकीचं सांगायचं तर जाताना डाव्या बाजूची घ्या. स्वच्छ हवेत आधी नाथसागराचं, म्हणजे पैठणच्या धरणाचं पाणी दिसतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते केवढं पसरलेलं असतं! आणि त्यानंतर दहा-बारा मिनिटांनी लोणार. मला अकरा फेऱ्यांत ते एकदाच नीट दिसलं, पण ते एकदा पुरेसं आहे. सपाट शेतांच्या चौकटींमध्ये एकदम एक गोल. कडेला गर्द हिरवी झाडी, मधे पाणी. लोणारला आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो, काठावर उभं राहून ते मोठं तळं वाटलं होतं. वरून कळतं की तिथे काहीतरी येऊन आदळलं होतं. पावणेदोन किलोमीटर रुंदीचा तो खड्डा दहा किलोमीटर उंचीवरून भाकरीएवढा दिसतो, पण चुकत नाही.

मे महिन्यात दुपारचं विमान घेऊ नका, विशेषतः लहान मुलं बरोबर असतील तर. नागपूरच्या उन्हात जमीन तापते, हवा उसळते आणि उतरताना विमान बैलगाडीसारखं आदळतं-आपटतं. धोका नसतो, पण मुलाला उलट्या झाल्या आणि पुढे वर्ध्यापर्यंत तो माझ्या मांडीवरून उठला नाही. त्यानंतर उन्हाळ्यात सकाळचंच.

आता दुसऱ्या वाटांशी तुलना, कारण विमान महाग की स्वस्त हे त्याशिवाय ठरत नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेस पुलगावला थांबते. रात्री पुण्यात बसायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर थेट आपल्या गावच्या फलाटावर उतरायचं. वारज्याच्या घरापासून मोजलं तर अठरा तास होतात, पण सामान हवं तेवढं न्या, झोपून जा, पुढची टॅक्सी नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुणे–अजनी (नागपूर) वंदे भारत सुरू झाली, साधारण बारा तासांत नेते. वर्ध्याला थांबते, पुलगावला नाही. दिवसभर बसून जायचं असल्यामुळे आई-बाबांना ती जमणार नाही, पण एकट्या माणसाला चांगली आहे. ट्रॅव्हल्स संध्याकाळी घराजवळ मिळायची आणि सकाळी वर्ध्याला सोडायची. वेळेच्या हिशेबात ती फार सोयीची होती. मी कितीतरी वर्षं तिनंच गेले.

१ जुलै २०२३ ला पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स उलटली आणि पेटली. पंचवीस माणसं गेली. त्यात आमच्या वर्ध्याची मुलं होती. पुढच्याच शुक्रवारी मी तशाच गाडीनं परतणार होते. बाबांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "पैसे मी देतो, पण रात्रीच्या गाडीत बसू नको." माझं पहिलं विमानाचं तिकीट बाबांच्या पेन्शनमधून निघालं.

बाबा टपाल खात्यातून निवृत्त झाले. विमान आणि नागपूर म्हटलं की त्यांना एकच गोष्ट आठवते, त्यांच्या आधीच्या पिढीतल्या साहेबांकडून ऐकलेली. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी विमानं निघायची आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र यायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, उतारू इकडचे तिकडे बसायचे आणि पहाटेच्या आत चारही विमानं आपापल्या गावी परत. मुंबईला टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला. नागपूर मधोमध आहे म्हणून हे जमलं. नागपुरात झिरो माइलचा दगडी खांब आणि चार घोडे आहेत, तिथे मी मुलाला नेलं होतं. जुन्या मोजणीच्या काळातला तो खांब, बाजूला हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा, बैतूल अशी गावांची अंतरं कोरलेली. मुलानं पुणे शोधलं, मिळालं नाही. मग घरी येऊन त्यानं आजोबांच्या जुन्या नकाशावर ती रेघ ओढली, जिचं मी वर सांगितलं.

तक्रार एक आहे आणि ती मोठी आहे. गेल्या सप्टेंबरात बाबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखल केलं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. मला संध्याकाळी सात चाळीसचं विमान मिळालं, नऊ हजार आठशे रुपयांना. एरवी मी चार-साडेचार हजारांत जाते, पण त्या दिवशी पैशाचा प्रश्न नव्हता. साडेसहाला मेसेज आला: अर्धा तास उशीर. सव्वासातला दुसरा: आणखी पाऊण तास. मग आणखी एक, मग आणखी एक. विमान शेवटी रात्री अकरा पन्नासला सुटलं. हवेत त्या रात्रीही ६१ मिनिटंच लागली.

उशीर होतो, मला मान्य आहे. विमान दुसऱ्या कुठल्या गावाहून येतं, तिथे पाऊस असतो, एकाचा उशीर पुढच्याला लागतो. पण चार तासांचा उशीर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत सांगणं हे चूक आहे. दादा सेवाग्रामहून शेजाऱ्यांची गाडी मागून साडेआठलाच नागपूरला येऊन थांबला होता. पहिल्या मेसेजमध्ये खरी वेळ सांगितली असती तर तो बाबांच्या उशाशी राहिला असता, आई एकटी पडली नसती. काउंटरवरच्या मुलीला मी हे सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, पण तिच्याही हातात पुढच्या अर्ध्या तासाचीच माहिती होती. इतक्या कमी अंतराच्या विमानाला दोन तासांच्या वर उशीर झाला तर कंपनीनं खाणं-पिणं द्यायचं असतं, तसा नियम आहे. ते आपणहून कुणी दिलं नाही. मी नियम सांगून मागितलं, तेव्हा सगळ्या उतारूंना सँडविच आणि पाण्याची बाटली मिळाली. तुम्हीही मागा. बरोबर म्हातारी माणसं, साखरेचा आजार असलेली माणसं असतात.

सेवाग्रामला पोचले तेव्हा पहाटेचे सव्वातीन झाले होते. बाबा जागे होते. "आली का," म्हणाले, आणि झोपले. ऑपरेशन नीट झालं. त्या रात्री रेल्वेनं निघाले असते तर ते शुद्धीवर आल्यावर पोचले असते. म्हणून एवढी तक्रार असूनही मी विमानाला नाव ठेवत नाही.

नोव्हेंबरात आईला चार दिवस पुण्याला आणलं, दादा-वहिनी बाबांजवळ होते. तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागितली होती. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. नागपूरला एका पोऱ्यानं आईला दारापासून थेट विमानाच्या जागेपर्यंत नेलं, तपासणीच्या रांगेत पुढे घेतलं, 'मावशी, हात वर करा, झालं' असं हळू बोलत. पुण्यालाही तसंच बाहेरपर्यंत सोडलं. कॅब समोरच्या पार्किंगच्या इमारतीतून मिळते, तेवढं अंतरही त्यानंच नेलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अठरा तासांच्या रेल्वेपेक्षा हे किती सुखाचं आहे, ते आईच्या चेहऱ्यावर दिसत होतं. या सेवेला मी पूर्ण गुण देते.

सामानाचं मात्र जपून. मोठ्या बॅगेला पंधरा किलो, हातातल्या पिशवीला सात. आमच्याकडून येताना पंधरा किलोत काहीच मावत नाही. लोणचं हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत, ते मोठ्या बॅगेत टाका आणि बरणी दोन पिशव्यांत बांधा. तूपही तसंच. सुकं खोबरं बॅगेत ठेवूच नका. त्यात तेल असतं, ते पेट घेतं म्हणून चालत नाही. आईनं ओटीचं म्हणून आणलेलं खोबरं तपासणीत काढून ठेवावं लागलं आणि तिला ते फार लागलं, कारण तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगायला हवं होतं. सरगुंडे, कुरडया, सांडगे यांना काही अडचण नाही, पण दाबले की चुरा होतो, ते हातातच ठेवा. वर्ध्याचा गोरसपाकही हातात. तो मागे न ठेवता येणारा पदार्थ आहे.

तर कुणी जावं? नागपुरात घर असेल आणि पुण्यात विमाननगर, खराडी, वाघोलीकडे राहत असाल, तर डोळे मिटून विमान घ्या. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत चार-साडेचार तासांत पोचाल. महिनाभर आधी तिकीट काढलं तर पैसेही जाचत नाहीत. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडची माणसं असाल तर पुढच्या टॅक्सीचे पैसे आणि तास आधी मोजा, मग ठरवा. अमरावती-अकोल्याच्या लोकांनी नागपूरला उतरून मागे येण्यात मला अर्थ वाटत नाही, रेल्वे बरी. दिवाळीच्या आठवड्यात चौघांचं कुटुंब असेल तर मी स्वतःसुद्धा रेल्वेचाच विचार करते, तो पण साठ दिवस आधी.

माझं पुढचं तिकीट फेब्रुवारीतलं आहे, सकाळचं, डाव्या खिडकीचं. परतताना आईनं बॅग भरली की दादा ती समोरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर नेऊन मोजतो. मागच्या वेळी काटा पंधरा किलो सातशेवर थांबला होता. आईनं बॅग उघडली, माझी पुस्तकं बाहेर काढून ठेवली आणि तुरीची डाळ तशीच राहू दिली.